कळते, पण वळत का नाही?
(‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ पुन्हा वाचताना)

यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमात आपल्या मंडळाने एका हृदयरोगतज्ज्ञांचे व्याख्यान ठेवले होते. विषय होता भारतीयांचे हृदय आणि मधुमेह. व्याख्यान उत्तम झाले. स्लाइड्स होत्या, आकडे होते, अधूनमधून विनोद होते आणि शेवटी ‘आजपासून काय करायचे’ ह्याची दहा कलमी यादी होती. टाळ्या झाल्या. मग सेक्रेटरींनी माइकवरून जेवण तयार असल्याचे जाहीर केले आणि आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो. बटाटेवडे, पुऱ्या, मसालेभात, श्रीखंड, गुळाच्या पोळ्या आणि वर तुपाची वाटी. माझ्या पुढे खुद्द व्याख्याते होते. त्यांनी दोन वडे घेतले, मी तीन घेतले. माझ्या खिशातल्या फोनमध्ये आठवड्यापूर्वीचा रिपोर्ट होता: ए-वन-सी ६.१. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वय ४६.

ह्या प्रकाराला आपल्याकडे एक ठरलेले वाक्य आहे: ‘कळते, पण वळत नाही.’ हे वाक्य हसत हसत म्हटले जाते आणि तिथेच विषय संपतो. पण त्यात एक निकालही दडलेला असतो. ज्याला कळते आणि तरी वळत नाही तो माणूस कच्चा, असा तो निकाल. मी स्वतः हा निकाल एकदा एका माणसाला फोनवरून सुनावलेला आहे. तो माणूस म्हणजे माझे वडील.

बाबा कऱ्हाडला शाळेत शिक्षक होते. २००६ साली त्यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. मी तेव्हा इथे पीएच.डी. करत होतो. झटक्यातून ते सावरले आणि त्यांच्या एका मित्राने त्यांना डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आणून दिले. बाबांनी ते तीनदा वाचले. फोनवर त्यातल्या गोष्टी मला समजावून सांगत. आणि तरी प्रत्येक सुट्टीत घरी गेलो की दिसे ते तेच. सकाळची भजी, सणाची जिलबी, चालायला जायचे ‘उद्यापासून’. एकदा मी चिडून म्हणालो, ‘बाबा, तुम्ही जन्मभर मुलांना शिस्त लावलीत. स्वतःला नाही लावता येत?’ पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, ‘आईशी बोल.’ २०१३ साली दुसऱ्या झटक्यात ते गेले.

त्यांचे ते पुस्तक आता माझ्याकडे चँडलरला आहे. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मी ते पुन्हा वाचायला घेतले. ह्या लेखात त्या वाचनाबद्दल लिहायचे आहे. पुस्तक जुने आहे, बहुतेकांच्या घरी असेल, म्हणून परिचय थोडक्यात करतो.

डॉ. बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था गडचिरोलीत १९८० च्या दशकापासून काम करते. १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, डॉ. बंग यांना हृदयविकाराचा झटका आला. जो माणूस इतरांच्या आरोग्यावर संशोधन करतो त्याला स्वतःच्या छातीतले काही कळले नाही, ह्या धक्क्यातून हे पुस्तक उभे राहिले. पुढे त्यांनी अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांच्या कार्यक्रमाची वाट धरली: कमी चरबीचा शाकाहार, व्यायाम, योग, ध्यान. पण पुस्तक आहाराच्या तक्त्यापाशी थांबत नाही. ते घाईकडे, महत्त्वाकांक्षेकडे, मृत्यूच्या भीतीकडे आणि शेवटी ‘मी कोण’ ह्या प्रश्नाकडे जाते. सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेल्या लेखकाला ती दिशा स्वाभाविक होती.

पुस्तकाचे मोठेपण मला ह्याही वेळी जाणवले. मराठीत आरोग्यावरचे बहुतेक लेखन डॉक्टरांच्या खुर्चीतून होते. हे रुग्णाच्या खाटेवरून झाले आहे. लेखक स्वतःला सोडत नाही आणि वाचकाला दटावत नाही. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली एक गोष्ट ठासून मांडली. माणूस नवे वागणे अंगीकारतो ते केवळ फायदा पटला म्हणून नव्हे, तर ‘हे मला जमेल’ असा भरवसा बसला म्हणून. आणि तो भरवसा येण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहणे. बंग यांच्या पुस्तकाने हजारो मराठी वाचकांसाठी नेमके हेच केले. बाबांचेही डोळे ते वाचून चमकले होते. मग अडले कुठे?

ह्याचे उत्तर शोधताना मी माझ्या सवयीप्रमाणे सिद्धांतांकडे गेलो. वागणूक बदलण्याच्या शास्त्राचा एक धागा १९५० च्या दशकात अमेरिकेच्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसमध्ये सापडतो. क्षयाच्या तपासणीसाठी एक्स-रेच्या गाड्या लोकांच्या दारापर्यंत नेल्या होत्या, तरी पुष्कळ लोक येत नव्हते. का, हे शोधताना गॉडफ्री हॉकबाऊम, अर्विन रोझेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ मांडले. हा रोग मला होऊ शकतो का, झाला तर किती वाईट, उपायाचा फायदा काय, आणि आड काय येते, ह्या हिशोबावर माणूस हालचाल करतो, असे ते म्हणते. पुढे १९८३ साली प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी सिगारेट सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून बदलाचे टप्पे मांडले: विचारही नाही, विचार आहे, तयारी, कृती आणि टिकवणे.

हे सिद्धांत निरुपयोगी नाहीत. पहिल्याच प्रश्नाचे उदाहरण घ्या, ‘हा रोग मला होऊ शकतो का?’ आपल्यापैकी बरेच जण वजनकाट्याकडे पाहून ‘मी काही जाड नाही’ म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून स्थूल, असा हा आपला वाण. त्यामुळेच २०१५ पासून अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच करा असे सांगते. एवढे एक कळले तरी माणूस तपासणीला जाईल. तेवढ्यापुरते ‘कळणे’ मोलाचे आहे.

पण तपासणी वर्षातून एकदा असते आणि जेवण दिवसातून तीनदा. तिथे हे सिद्धांत लंगडे पडतात. वेब आणि शीरन यांनी २००६ साली अनेक प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला. त्यात असे दिसले की लोकांचा निश्चय बऱ्यापैकी बळकट केला तरी प्रत्यक्ष वागण्यात फरक थोडासाच पडतो. टप्पे ओळखून दिलेला सल्ला साध्या सल्ल्यापेक्षा सरस ठरतो, असेही ठामपणे दाखवता आलेले नाही. ह्या सिद्धांतांचा सगळा हिशोब एका माणसाच्या डोक्यात चालतो. त्या डोक्याच्या आजूबाजूला घर आहे, गल्ली आहे, बाजार आहे, हे त्यांच्या आकृतीत ‘अडथळे’ नावाच्या एका चौकोनात कोंबलेले असते.

आणि इथेच मला बंग यांच्या पुस्तकाशी वाद घालायचा आहे. शीर्षकातच दोन शब्द आहेत, ‘माझा’ आणि ‘साक्षात्कारी’. बदलाची कथा एका माणसाच्या अंतर्मनात घडते आणि तिचा कळस जाणिवेचा असतो. ते लेखकापुरते खरे आहे, त्याबद्दल शंका नाही. पण वाचक त्यातून जो धडा घेतो तो असा: ज्याला साक्षात्कार झाला तो बदलला, ज्याला नाही झाला तो राहिला. म्हणजे पुन्हा तेच, ‘कळते पण वळत नाही’, फक्त अधिक उंचीवरून.

नवल असे की ह्या धड्याला सर्वात चांगले उत्तर डॉ. बंग यांच्याच दुसऱ्या कामात आहे. गडचिरोलीत दारूमुळे संसार मोडत होते तेव्हा ‘सर्च’ने आणि गावागावांतल्या लोकांनी प्रत्येक पिणाऱ्याला ध्यानाला बसवले नाही. चळवळ झाली, बायका पुढे आल्या आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. बंदीने दारू संपत नाही, म्हणून २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम गावागावांत दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी सुरू झाला. नवजात बालकांचेही तेच. आयांना ‘बाळाला दवाखान्यात न्या’ असे बजावत बसण्याऐवजी त्यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून उपचार घरात आणला. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. समाजाच्या आजारात ह्या माणसाने परिसर बदलला. स्वतःच्या आजाराची कथा सांगताना मात्र प्रकाश आतल्या खोलीवर टाकला. बंग यांच्या एका हाताने लिहिलेले दुसऱ्या हाताने केलेल्याइतके पूर्ण नाही, असे मला आदराने म्हणावेसे वाटते. ऑर्निश यांच्या मूळ प्रयोगाचेही असेच. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या ४८ रुग्णांच्या अभ्यासातले आहार आणि ध्यान सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण त्यांतल्या प्रयोगगटाला सुरुवातीला एकत्र मुक्कामाला नेले होते आणि नंतर आठवड्यातून दोनदा ते सगळे भेटत होते, हे आपण विसरतो. ते एकटे नव्हते.

परिसर म्हणजे काय हे मला पुस्तकाने नव्हे, चँडलरने शिकवले. माझ्या घरापासून थोडे दक्षिणेला गेले की चँडलर संपते आणि गिला रिव्हर इंडियन कम्युनिटीची जमीन लागते. आपण सगळे आय-टेनवरून टूसॉनला जाताना ती ओलांडतो आणि बहुतेकांना तिथला कॅसिनो तेवढा माहीत असतो. इथले अकिमेल ओ’ओधाम, म्हणजे ‘नदीचे लोक’, बाहेर पिमा म्हणून ओळखले जातात. नदीचे पाणी कालव्यांनी शेतात आणून गहू, कापूस, टेपरी नावाच्या शेंगांचे दाणे पिकवणारी ही माणसे. १८७० नंतरच्या काळात वरच्या अंगाला नवे वसाहतवाले आले, त्यांनी गिला नदीचे पाणी वळवले आणि नदी आटली. शेती गेली, उपासमार आली आणि पुढे सरकारी शिध्यातला मैदा, चरबी, साखर आली. १९६५ पासून नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचे संशोधक इथे मधुमेहाचा अभ्यास करत राहिले. पस्तिशीपुढच्या निम्म्या लोकांना मधुमेह आढळला. जगात एवढे प्रमाण क्वचितच कुठे नोंदले गेले असेल.

‘त्यांच्या रक्तातच आहे’ असे म्हणणे सोपे होते. पण सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात मायकोबा नावाचे गाव आहे. तिथले पिमा ह्यांचेच भाऊबंद, पण अजून शेतात राबणारे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मायकोबाच्या पिमांमध्ये मधुमेह ६.९ टक्के निघाला आणि ॲरिझोनातल्या पिमांमध्ये ३८ टक्के. ह्या लोकांना काय ‘कळत’ नव्हते? मायकोबातल्या शेतकऱ्याने कोणता सिद्धांत वाचला होता? एकाची नदी गेली, दुसऱ्याचे शेत राहिले. २००४ सालच्या कायद्याने गिला रिव्हर समाजाचा वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट पाण्यावरचा हक्क मान्य झाला. आरोग्याच्या खात्यात ही नोंद कुणी करत नाही. मला वाटते करायला हवी.

पिमांचीच आणखी एक गोष्ट आपल्या मंडळाने ऐकण्यासारखी आहे. १९९८ साली ९५ जणांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला आहार आणि व्यायामाचा शिस्तशीर कार्यक्रम दिला, त्याचे नाव ‘पिमा ॲक्शन’. दुसऱ्या गटाला फारसे काही सांगितले नाही. ते जमत आणि आपल्या लोकांच्या चालीरीती, इतिहास, जगणे ह्यांवर गप्पा मारत. त्याचे नाव ‘पिमा प्राइड’. वर्षाअखेर वजन आणि साखर दोन्ही बाबतींत दुसरा गट बरा निघाला! प्रयोग लहान होता, त्यावर इमारत बांधू नये. पण ‘आपली संस्कृतीच आपल्याला मारते’ असे वैतागून म्हणणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

आता दुसरी बाजू. सगळा दोष परिसरावर टाकून वडा उचलणे हाही एक सोयीस्कर मार्ग आहे आणि आकडे तसे सांगत नाहीत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये ३,२३४ लोक होते, पिमांसह. सात टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे, एवढ्या लक्ष्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर केलेल्या प्रयोगात आहार-व्यायामाने २८.५ टक्के घट झाली. म्हणजे माणसे बदलतात. पण बारकाईने पाहिले तर अमेरिकेतल्या त्या लोकांना केवळ माहिती दिली नव्हती. प्रत्येकाला एक मार्गदर्शक होता, सोळा धड्यांचा अभ्यास होता, पुढे गाठीभेटी होत्या, विचारपूस होती. ‘उद्यापासून’ म्हणणाऱ्याला ‘काल काय झाले?’ असे विचारणारे कुणीतरी होते.

माझ्या धंद्यातली एक साधी गोष्ट सांगतो. एखाद्या स्क्रीनवर शंभरांतले नव्वद लोक चुकीचे बटण दाबू लागले तर आम्ही त्या नव्वदांची कार्यशाळा घेत नाही, बटण हलवतो. हे मला वीस वर्षे माहीत आहे. तरी बाबांच्या बाबतीत मी कार्यशाळाच घेत होतो, तीही नऊ हजार मैलांवरून.

बाबांच्या प्रतीत ठिकठिकाणी पेन्सिलच्या खुणा आहेत. आहाराबद्दलच्या एका पानाच्या समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिले आहे: ‘सात माणसांच्या घरात हे कसे?’ पूर्वीही पान उलटताना ते मी पाहिले असेन, पण वाचले नव्हते. आमच्या घरी तेव्हा आजी होती, काका-काकू होते, त्यांची मुले होती. चूल एक होती आणि चुलीपाशी आई. एका माणसासाठी बिनतेलाची भाजी वेगळी करायची तर ती कुणी, किती वाजता उठून? आणि चालायला जायचे तर पेठेतल्या कोणत्या फुटपाथवरून? बाबा हट्टी नव्हते. त्यांनी योग्य प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर पुस्तकात नव्हते. माझ्याकडे तर नव्हतेच, कारण मी प्रश्नच विचारला नव्हता.

हा प्रश्न आपल्या इथल्या घरांतही तसाच आहे. ही पुस्तके वाचणारे बरेचदा पुरुष असतात आणि अमलात आणणारी त्यांची बायको. ‘मी आहार बदलला’ ह्याचा अर्थ बहुतेक घरांत ‘तिने दोन स्वयंपाक केले’ असा असतो, तेही स्वतःची पूर्ण वेळ नोकरी सांभाळून. माझ्या रिपोर्टनंतर मी घरात जाहीर केले की आता भात बंद. बायको शांतपणे म्हणाली, ‘कुणाचा? आणि त्याऐवजी काय, ते तू करणार आहेस का?’ हेल्थ बिलीफ मॉडेलपेक्षा हे दोन प्रश्न मला जास्त उपयोगी पडले. आता आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. ज्वारीच्या भाकऱ्या मला थापता येत नाहीत, त्या फाटतात. पण उसळ आणि कोशिंबीर बरी होते, असे मुले म्हणतात.

मंडळासाठी माझ्या सूचना अगदी किरकोळ आहेत. व्याख्याने जरूर ठेवा, पण पॉटलकचा फॉर्मही बदला. सध्या त्यावर ‘गोड’ ह्या सदरात आठ ओळी असतात आणि ‘कोशिंबीर’ ह्या सदरात दोन. उलटे करून पाहा. चहा बिनसाखरेचा ठेवा आणि साखर बाजूला, ज्याला हवी तो घेईल. गुळाची पोळी काढू नका, ती संक्रांतीची आहे. फक्त अर्धी वाढा आणि जेवण भाजीपासून सुरू होईल अशी टेबले लावा. आणि चालणे एकेकट्याच्या निश्चयावर सोडू नका. इथला उन्हाळा आपण जाणतो. २०२३ साली फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० किंवा त्याहून वर होता. अशा गावात ‘रोज चाला’ हा सल्ला एकट्याने पाळणे कठीण. पहाटे साडेपाचला कुणीतरी दारात उभे असेल तर माणूस उठतो. गेले सहा रविवार आम्ही पाच जण कालव्याकाठच्या रस्त्यावर चालतो आहोत. गप्पा व्यायामाच्या होत नाहीत. कुणी कोल्हापूरच्या तालमींचे सांगतो, कुणी आजोबांच्या मळ्याचे.

डॉ. बंग यांचे पुस्तक वाचावे की नाही, तर जरूर वाचावे, आणि शक्यतो घरातल्या सगळ्यांनी मिळून. स्वयंपाक जो करतो त्याने आधी वाचावे. आणि वाचून झाल्यावर ‘मला काय करायचे’ ह्याबरोबर ‘आपल्या घरात हे कसे’ असेही विचारावे. माझा पुढचा रिपोर्ट जूनमध्ये आहे. आकडा काय यायचा तो येईल. बाबांच्या पेन्सिलखाली मी काही लिहिलेले नाही. तिथे लिहिण्यासारखे कुणाला काही सापडले असेल, तर संपादकांकडे किंवा रविवारी पहाटे कालव्यावर येऊन जरूर सांगावे.